मॉर्गन डॉलर: खरा दुर्मीळ कोणता, बनावट कसा ओळखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटिश काळातले चांदीचे रुपये जमवणाऱ्या पुण्यातल्या एका संग्राहकाला आता एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन डॉलर घ्यायचे आहेत. बहीण अमेरिकेत असते, दिवाळीला येताना ती दोन-चार नाणी आणू शकते. एका विक्रेत्याने १८९३ सालचा, ‘एस’ खुणेचा मॉर्गन डॉलर (जॉर्ज मॉर्गन या कारागिराने रेखलेला, १८७८ पासून पाडलेला चांदीचा डॉलर) बाजारभावाच्या पाचव्या हिश्श्यात देऊ केला आहे, प्रमाणपत्र मात्र नाही. तो घ्यावा का? आणि एकूणच दुर्मीळ कशाला म्हणावं?

तो घेऊ नये. अमेरिकन डॉलरांत सगळ्यात जास्त बनावट होणाऱ्या नाण्यांपैकी हे एक आहे, आणि खरं असतं तर विकणाऱ्याने ग्रेडिंगचा, म्हणजे तज्ज्ञ कंपनीकडून नाणं तपासून त्याची प्रत ठरवून घेण्याचा, खर्च करून पाचपट घेतले असते. पण ‘दुर्मीळ कोणता’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबचं आहे. रुपयांच्या संग्रहातून आलेला माणूस इथे हमखास एक चूक करतो: कॅटलॉग उघडतो, किती नाणी पाडली तो आकडा बघतो आणि आकडा लहान म्हणजे नाणं दुर्मीळ असं धरतो. मॉर्गन डॉलरच्या बाबतीत हा हिशेब साफ फसतो.

दोन नाणी शेजारी ठेवा. १८८५-सीसी, म्हणजे नेवाडातल्या कार्सन सिटी टांकसाळीचा डॉलर, फक्त २,२८,००० पाडला गेला. १८८४-एस, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा, ३२ लाख. आकड्यावरून पहिला दुर्मीळ वाटेल. प्रत्यक्षात कोऱ्या अवस्थेतला १८८५-सीसी पैसे असतील तर आज संध्याकाळी मिळतो. कोऱ्या अवस्थेतला १८८४-एस मोठ्या लिलावांतच दिसतो आणि त्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट असते. झिजलेला १८८४-एस मात्र स्वस्त आहे.

कारण या डॉलरच्या जन्मात आहे. २८ फेब्रुवारी १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकन सरकारवर दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडण्याची सक्ती केली. खाणवाल्यांची सोय झाली, पण लोकांना हे जड नाणं खिशात नको होतं. त्यामुळे हजार-हजार नाण्यांच्या कापडी थैल्या भरून तिजोऱ्यांत पडून राहिल्या. कुठली थैली बाहेर आली, कुठली वितळली आणि कुठली ऐंशी-नव्वद वर्षं तशीच राहिली, यावर आजची दुर्मीळता ठरते. कार्सन सिटीचे पडून राहिलेले डॉलर १९७२ ते १९८० या काळात सरकारच्या जीएसए खात्याने टपालाने विकले. त्यात १८८४-सीसीचे साडेनऊ लाखांहून जास्त निघाले. पाडले होते ११ लाख ३६ हजार. १८८५-सीसीचे जवळपास दीड लाख निघाले. त्याच साठ्यात १८८९-सीसीचा निघाला एक. एकच! म्हणून १८८९-सीसी (३,५०,००० पाडलेला) खरा अवघड, आणि त्याच्याहून कमी पाडलेला १८८५-सीसी सोपा.

वितळण्याची गोष्ट तर थेट तुमच्या संग्रहापर्यंत येते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारचा चांदीचा साठा आटला. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या सुमारे २५ कोटी ९१ लाखांची चांदी ब्रिटनला विकली गेली आणि हिंदुस्थानातल्या टांकसाळींकडे आली. एका डॉलरमध्ये शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम, रुपयात १०.६९, म्हणजे एका डॉलरमागे सव्वादोन रुपये. तुमच्याकडचे १९१८ ते १९२० चे, मुंबईची ठिपक्याची खूण असलेले रुपये काढून बघा, त्यांत मॉर्गन डॉलरची चांदी असण्याची शक्यता भरपूर आहे. आणि वितळवताना कुठल्या सालाचे, कुठल्या टांकसाळीचे किती गेले याची नोंद कोणी ठेवली नाही. कॅटलॉगातला पाडल्याचा आकडा खरा असूनही उपयोगाचा का नाही, ते इथे कळतं.

उलटंही झालं आहे. १९०३-ओ, न्यू ऑर्लिन्सचा, ४४ लाख ५० हजार पाडलेला डॉलर अनेक दशकं जवळजवळ मिळेनासा मानला जायचा. सगळा वितळला असंच लोक धरून होते. १९६२ च्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या तिजोरीतून त्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि भाव एका हंगामात कोसळला. आता तसा धक्का बसण्याची भीती फारशी नाही, कारण सरकारी साठा संपला आहे.

आता हातात नाणं घेऊ. चेहऱ्याची बाजू छापा, गरुडाची काटा, असं म्हणत जाऊ. टांकसाळीची खूण काट्यावर असते: पुष्पमालेच्या खालच्या गाठीखाली, ‘डॉलर’ या शब्दातल्या ‘डी’ आणि ‘ओ’ या अक्षरांच्या वर. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ न्यू ऑर्लिन्स, सीसी कार्सन सिटी. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के आणि तांबं १० टक्के. कडेवर उभ्या रेघा.

पहिली तपासणी फुकटात होते. नाणं आपल्या आजच्या रुपयासारखं उजवीकडून डावीकडे पान उलटल्यागत फिरवा. काट्यावरचा गरुड उलटा दिसला पाहिजे. वरून खाली फिरवलं तर सरळ. स्वस्त बनावटीत इथेच गडबड सापडते. मग लोहचुंबक लावा. चांदी चिकटत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका, पितळही चिकटत नाही. नाणं तिरपं धरून त्यावर छोटा ताकदवान निओडिमियम चुंबक सोडा. चांदीवर तो अडखळल्यासारखा सावकाश घसरतो, पितळेवर किंवा जर्मन सिल्व्हरवर भर्रकन.

वजनासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवा. टांकसाळीची मुभा दीड ग्रेन, म्हणजे जेमतेम ०.१ ग्रॅम होती. त्यामुळे कोरा दिसणारा डॉलर २६.४ भरला तर गडबड आहे. पुष्कळ फिरलेला, केसांच्या बटा सपाट झालेला डॉलर २६ च्या आसपास भरला तर ते झिजेत बसतं. झीज आणि वजन यांचा मेळ बसतो का, हे बघायचं. नुसता आकडा घोकून भागत नाही.

मग घनता. वजनकाट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने नाणं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. वजनकाट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे नाण्याने सारलेलं पाणी. खऱ्या मॉर्गनचं ते २.५९ च्या आसपास येतं, कारण या मिश्रणाची घनता साधारण १०.३ आहे. त्याच वजनाचा पितळी तुकडा ३.१ च्या पुढे दाखवेल, निकेल-तांब्याचा ३.० च्या आसपास. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा चुकीने वाढतो, म्हणून बुडवण्याआधी नाणं एकदा ओलं करून घ्या. पाणी उकळून गार केलेलं असेल तर उत्तम.

इथवर पास झालेलं नाणं चांदीचं आहे, एवढंच कळलं. ते १८९३-एस आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि महागातल्या सगळ्या फसवणुका नेमक्या इथूनच पुढे सुरू होतात. बनवणारा खराखुरा, स्वस्त सालाचा मॉर्गन घेतो आणि त्याच्यावर कारागिरी करतो. त्यामुळे वजन, घनता, कड, सगळं बिनचूक.

१८९३-एस पाडला गेला एक लाख. आजवर समोर आलेल्या मॉर्गनांत चलनासाठी पाडलेला सगळ्यात लहान आकडा, आणि इथे आकडा व वास्तव जुळतात. या एक लाखांसाठी छाप्याचा एकच ठसा वापरला गेला. संग्राहकाच्या दृष्टीने ही सोय आहे: प्रत्येक खऱ्या नाण्यावर त्या ठशाच्या त्याच खुणा असणार. दहापट भिंगाखाली तीन जागा बघा. एक, सालातला १ हा काठालगतच्या दात्यांपैकी एका दात्याच्या बरोबर मधोमध वर उभा असतो. दोन दात्यांच्या फटीवर असेल तर पुढे बघायचीही गरज नाही. दोन, डोक्यावरच्या पट्टीवर लिहिलेल्या ‘लिबर्टी’ शब्दातल्या टी अक्षराच्या वरच्या आडव्या दांडीत एक बारीक, तिरकी, उठावाची रेघ असते. तीन, त्याच शब्दातल्या आर अक्षराच्या डाव्या पायात बारीक उठावाचे कण असतात. ‘उठावाची’ हा शब्द महत्त्वाचा: ठशावरचा ओरखडा नाण्यावर उंचवटा होऊन उमटतो. तीच रेघ खोल गेलेली दिसली तर कोणीतरी सुईने कोरली आहे. फार झिजलेल्या नाण्यावर टीची रेघ पुसट होते, १ ची जागा मात्र बदलत नाही.

फसवणूक तीन तऱ्हांनी होते. १८९३ च्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर (तेही ३,७८,००० च) वेगळा ‘एस’ चिकटवतात. नाहीतर १८९८-एस किंवा १८८३-एस घेऊन एक आकडा कोरून बदलतात. किंवा दोन नाणी पोखरून एकाचा छापा आणि दुसऱ्याचा काटा जोडतात. चिकटवलेल्या खुणेच्या बुडाशी भिंगातून बारीक फट किंवा काळपट कडा दिसते. खरी खूण जमिनीतून उगवल्यासारखी सलग वर येते. काट्यावर प्रकाश खूप तिरका टाकून बघा, आणि खुणेभोवतीची जमीन आजूबाजूपेक्षा जास्त गुळगुळीत आहे का तेही. कोरलेल्या आकड्याभोवती खरवडल्याचा खड्डा असतो. जोडलेल्या नाण्याचा सांधा कडेवर नसतो, काठाच्या आतल्या बाजूला असतो, म्हणून तिथे भिंग फिरवा. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली तर खरा डॉलर लांब घुमतो, जोडलेला ठक्क करतो. (ही टिचकी फक्त स्वस्त, आधीच झिजलेल्या नाण्यांवर करून कान तयार करा. कोऱ्या नाण्यावर नको.)

१८८९-सीसीचीही तीच गत. फिलाडेल्फियाने त्या साली दोन कोटींवर डॉलर पाडले, म्हणजे सीसी चिकटवायला कच्चा माल मुबलक. १८९५ चं प्रकरण उलटं आहे. फिलाडेल्फियाच्या नोंदीत त्या साली १२,००० चलनी आणि ८८० प्रूफ (संग्राहकांसाठी खास झळाळीने पाडलेले) डॉलर आहेत, पण चलनीतला एकही आजवर समोर आलेला नाही. त्यामुळे खूण नसलेला, झिजलेला १८९५ दाखवला तर आधी गाठीखालची जागा बघा. बहुतेक वेळा तिथे ओ किंवा एस खरवडल्याचा चट्टा सापडतो.

अवस्थेकडे वळू, कारण मॉर्गनचे निम्मे पैसे तिथे आहेत. ग्रेड १ ते ७० अशी असते. ६० पासून पुढे कोरी, म्हणजे एमएस. त्याच्या खालचं एयू जेमतेम फिरलेलं. १८८४-एस किंवा १९०१ (फिलाडेल्फिया, ६९ लाखांवर पाडलेला, कोरा मिळणं अतिशय कठीण) अशा नाण्यांत एयू-५८ आणि एमएस-६२ यांच्या किमतीत आभाळ-जमिनीचा फरक पडतो, आणि हे दोन ग्रेड नवख्याला सारखेच दिसतात. झीज पहिल्यांदा दिसते ती कानावरच्या आणि डोळ्यावरच्या केसांत, गालाच्या उंचवट्यावर आणि गरुडाच्या छातीवर. एकच दिवा ठेवा, ट्यूबलाइट बंद करा, नाणं हळू गोल फिरवा. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा अखंड फिरतो. झिजलेल्या नाण्यावर तो उंच भागांवर तुटतो आणि तिथे राखाडी, निर्जीव डाग दिसतो.

यात एक खाच आहे. न्यू ऑर्लिन्सचे कितीतरी डॉलर मुळातच हलक्या दाबाने पाडलेले असतात. कानावरचे केस आणि गरुडाची छाती पहिल्या दिवसापासून सपाट. अशा सपाट भागावरही झळाळी फिरत असेल तर ती झीज नव्हे, कच्चा ठसा आहे. गालावरचे छोटे ठोके थैलीतले: हजार नाणी एकमेकांवर आदळत सत्तावीस किलोच्या थैलीत फिरली आहेत. ते चालतात. फक्त गालाच्या मधोमध एक खोल ठोका असेल तर बाकी नाणं कितीही देखणं असो, पुढे विकताना गिऱ्हाइकाची नजर तिथेच जाईल.

आणि कृपा करून नाणं घासू नका. आपल्याकडे चांदी काळवंडली की चिंच, रांगोळी, पितांबरी, टूथपेस्ट, सगळं हाताशी असतं. देवाच्या भांड्यांना ते ठीक आहे. नाण्यावर त्याने केसासारखे हजारो ओरखडे एकाच दिशेने उमटतात, दिवा फिरवला की ते चमकतात, आणि ग्रेडिंग कंपनी नाण्याला आकडा न देता ‘साफ केलेलं’ असा शेरा मारून परत पाठवते. किंमत अर्ध्याहून खाली येऊ शकते. करता येण्याजोगी एकच गोष्ट आहे: जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटातला हिरवट चिकट थर काढणं. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन (नेलपॉलिश काढायचं नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो), नाणं पाच-दहा मिनिटं बुडवा, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये खळबळा, उभं करून हवेवर वाळू द्या. पुसायचं नाही. खिडकी उघडी, गॅस बंद. चिकटवलेली खूण असेल तर तीही याच आंघोळीत सैल होऊ शकते, हा वरचा फायदा.

वर चढलेला रंग हा दोष मानू नका. थैलीच्या कापडाला टेकून राहिलेल्या बाजूला पिवळा, मग जांभळा, मग निळा-हिरवा असा क्रमाने रंग चढतो आणि त्याच्या खाली झळाळी फिरत राहते; अशा नाण्याला जास्त पैसे मिळतात. बनावट रंगात हा क्रम नसतो. निळा थेट पांढऱ्याशेजारी येतो आणि अक्षरांच्या खोबणीत साचतो.

ट्रेड डॉलरबद्दल थोडंच, कारण आपल्याकडच्या जुन्या बाजारात तोच जास्त दिसतो. १८७३ पासून पाडलेला, चीनच्या व्यापारासाठी, मॉर्गनपेक्षा जरासा जड. गंमत म्हणजे तो स्वतःचं वजन अंगावर लिहून फिरतो: काट्यावर ‘४२० ग्रेन, ९०० शुद्ध’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं. ४२० ग्रेन म्हणजे २७.२२ ग्रॅम. वजनकाट्यावर ठेवा, बनावट सहसा २१ ते २५ मध्ये अडकतो. १८७३ च्या आधीचं साल असेल तर वजन करायचेही कष्ट घेऊ नका. चिनी सराफांनी मारलेले छोटे ठसे मात्र दोष समजू नका, त्यांचे वेगळे संग्राहक आहेत. १८७९ ते १८८५ ची नाणी फक्त प्रूफ म्हणून पाडली. १८८४ ची दहा आणि १८८५ ची पाच एवढीच ज्ञात आहेत, तेव्हा ती कोणी दुकानात दाखवली तर चहा पिऊन परत या.

खरेदीचा क्रम मी असा ठेवीन. पहिला डॉलर १८८१-एस, एमएस-६४, पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग कंपन्यांच्या स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेड आणि क्रमांक लिहिलेल्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत. तो एक कोटीहून जास्त पाडलेला, स्वस्त, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या काळातल्या उत्तम ठशाचा नमुना आहे. नजर त्याच्यावर तयार होते. दुसरा १८८३-सीसी किंवा १८८४-सीसी, शक्यतो मूळ सरकारी कडक प्लास्टिकच्या डबीतला. तिसऱ्यासाठी घाई नको. १८९३-एस घ्यायचाच असेल तर व्हीएफ-२० च्या (मध्यम झिजलेल्या) आसपासचा, स्लॅबमधलाच. स्लॅबही बनावट येतात आणि त्यांच्यावरचे क्रमांक खऱ्या नाण्यांचे चोरलेले असतात. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून तिथला फोटो उघडा आणि गालावरचे, आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीवरचे दोन-तीन ठोके हातातल्या नाण्याशी ताडून बघा. साल आणि ग्रेड जुळणं पुरेसं नाही, ठोके जुळले पाहिजेत.

बहिणीला दोन गोष्टी नीट सांगा. ग्रेडिंग करायचं असेल ते अमेरिकेतच करून घ्यावं. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्याख्येत ‘नाणं’ हा शब्द थेट आहे आणि अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. एकदा इथे आलेला डॉलर ग्रेडिंगसाठी परत धाडता येईल असं गृहीत धरू नका. आणि खरेदीची पावती, स्लॅबच्या क्रमांकाचा फोटो आणि नाणी हातातल्या पिशवीत ठेवावीत, विमानतळावर जाहीर करावीत, शुल्क लागेल ते भरून त्याचीही पावती जपावी. पुण्यात आल्यावर नाणी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद डब्यात नको, त्यांतल्या गंधकाने दोन पावसाळ्यांत चांदी काळी पडते.